गाडीतलं ते मशीन आणि आमचं घर

माझ्या नावावर कुठलाही गुन्हा नाही, दारूला मी आयुष्यात हात लावलेला नाही, तरी गेले कित्येक महिने गाडी चालू करायची तर मला आधी एका नळीत फुंकावं लागतं. सकाळी मुलीला शाळेत सोडताना, क्लिनिकमधून कामावरून निघताना, हिक्सव्हिलला वाणसामान आणायला गेलं की परत निघताना पार्किंगमध्ये, प्रत्येक वेळी. कारण गाडी आम्ही दोघंही चालवतो आणि माझ्या नवऱ्याला पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झालीये. न्यूयॉर्क राज्यात अशी शिक्षा झाली की तो माणूस जी गाडी चालवणार तिच्यात इग्निशन इंटरलॉक नावाचं मशीन बसवावंच लागतं, मग ती गाडी घरात अजून कोणीही चालवत असो, चालवणाऱ्या प्रत्येकाने फुंकायचं.

लिहायच्या आधी मी ह्याला विचारलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला लिही, फक्त नाव नको. म्हणून नाव नाही.

आपल्या लोकांत आता घटस्फोटावर बोलतात, डिप्रेशनवर बोलतात, पण "माझ्या नवऱ्याला डीडब्ल्यूआय झाला", म्हणजे पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा लागला, असं म्हणणारी बाई मला अजून भेटलेली नाही. आणि अशा बायका आहेत. मशीनच्या सर्व्हिस सेंटरला वेटिंग रूममध्ये एकदा एक जण फोनवर हळू आवाजात मराठीत बोलत होती, "नाही आई, गाडीचं काम आहे थोडं" असं काहीतरी सांगत होती, मी ओळख करून घ्यायला उठले तर तिने मान फिरवली आणि बाहेर निघून गेली. मला राग नाही आला, फार वाईट वाटलं. हे तिच्यासाठी लिहितेय असं समजा.

झालं ते असं. लाँग आयलंडवरच एका मित्राच्या घराची वास्तुशांत होती, दिवसा पूजा आणि रात्री पार्टी, मुलीला ताप होता म्हणून मी गेले नाही. आपल्याकडच्या पार्ट्या कशा असतात माहितीये, जेवण अकरा वाजता, तोपर्यंत चकणा आणि ग्लास, आणि निघणाऱ्याला दारात उभं करून "अरे शेवटची एक घे की" म्हणणारा एक तरी असतोच. हा निघाला आणि नॉर्दर्न स्टेट पार्कवेवर गाडी लेनच्या बाहेर जाते म्हणून पोलिसांनी थांबवलं. रेषेवरून चालायला लावलं, एका पायावर उभं केलं, मग स्टेशनवर नेऊन मशीनवर टेस्ट केली, रक्तातल्या अल्कोहोलची टक्केवारी ०.११ आली. इथली मर्यादा ०.०८ आहे. पहाटे मला फोन आला तेव्हा मी मुलीच्या कपाळावर पट्टी ठेवत होते, आणि कळेचना की आधी काय विचारायचं, तू बरा आहेस का की कोणाला लागलं का. कोणाला लागलं नव्हतं.

त्यानंतरचं कोर्टाचं सगळं थोडक्यात सांगते कारण त्यात विशेष काही नाही, वकील, तारखा, गुन्हा कबूल, मिसडिमीनर, म्हणजे लहान गुन्हा म्हणून रेकॉर्डवर नोंद, दंड, त्याशिवाय तीन वर्षं दरवर्षी राज्याला २५० डॉलर वेगळे, लायसन्स किमान सहा महिने रद्द. मग कंडिशनल लायसन्स नावाचा प्रकार असतो, त्यासाठी सात आठवड्यांच्या क्लासला नाव घालायचं आणि मग कामावर, डॉक्टरकडे, कोर्टाने सांगितलेल्या ठिकाणी एवढंच चालवायचं, आणि आठवड्यातून एकदा तीन तास स्वतःच्या कामांसाठी. गाडीत मशीन एक वर्ष. आणि इन्शुरन्स किती वाढला ते विचारूच नका.

एक गोष्ट मात्र एच-वनबीवर, म्हणजे इथल्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या प्रत्येकाने नीट वाचा, कारण आम्हाला ती माहीत नव्हती. अटकेनंतर काही आठवड्यांनी ह्याला कॉन्सुलेटची ईमेल आली की तुमचा व्हिसा रद्द करण्यात आला आहे. अटक झाली एवढं पुरेसं असतं, शिक्षा व्हायची वाट बघत नाहीत. इथे राहता येतं, नोकरी करता येते, पण एकदा देशाबाहेर गेलात की परत यायला नव्याने व्हिसा, आणि त्याआधी त्यांनी ठरवलेल्या डॉक्टरकडे तपासणी, ह्या माणसाला दारूचं व्यसन आहे का ते बघायला. म्हणजे आम्ही त्या वर्षी दिवाळीला नाशिकला जाणार होतो ते गेलं. सासूबाईंना काय सांगायचं ह्यावर आमच्यात चार दिवस वाद झाला. ह्याचं म्हणणं ऑफिसचं काम सांगू, मी म्हटलं मी आईंशी खोटं बोलणार नाही. शेवटी त्यानेच फोन केला. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग एवढंच विचारलं, "पोरगी गाडीत नव्हती ना रे?"

त्यांना माहीत नव्हतं की ह्या राज्याचा कायदाही नेमका तोच प्रश्न विचारतो.

न्यूयॉर्कमध्ये ह्या कायद्याला लिआंड्राचा कायदा म्हणतात. लिआंड्रा रोझाडो, वय ११. ऑक्टोबर २००९ मध्ये मॅनहॅटनच्या हेन्री हडसन पार्कवेवर एक गाडी उलटली, आत मैत्रिणीकडे रात्री राहायला निघालेल्या लहान मुली होत्या आणि गाडी त्यांच्यातल्याच एका मुलीची आई चालवत होती, प्यायलेली. लिआंड्रा गेली. तिचे वडील गप्प बसले नाहीत, राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला जाऊन आमदारांच्या मागे लागले, आणि पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २००९ मध्ये गव्हर्नरने कायद्यावर सही केली. गाडीत १५ किंवा त्याहून लहान मूल असताना पिऊन चालवलं तर पहिल्याच वेळी फेलनी, म्हणजे मोठा गुन्हा. आणि १५ ऑगस्ट २०१० पासून डीडब्ल्यूआयची शिक्षा झालेल्या प्रत्येकाच्या गाडीत इंटरलॉक, गाडीत मूल असो वा नसो, गुन्हा पहिला असो वा पाचवा.

मुलीला ताप नसता तर आम्ही दोघी त्या रात्री गाडीत असतो. ह्यावर मी अजूनही झोप लागेपर्यंत विचार करते कधीकधी.

पहिल्या गुन्ह्यापासून सगळ्यांना मशीन हा नियम करणारं पहिलं राज्य न्यू मेक्सिको, २००५ मध्ये. मशीन त्याहून बरंच जुनं आहे, बोर्ग-वॉर्नर कंपनीने १९६९ मध्येच एक बनवलं होतं, पण ते श्वासावर नव्हतं, चालवणाऱ्याचं लक्ष आणि हात ठिकाणावर आहेत का ते तपासायचं. श्वासाचं मशीन कायद्यात पहिल्यांदा आणलं कॅलिफोर्नियाने, १९८६ मध्ये. आज सगळ्या पन्नास राज्यांत कसला ना कसला इंटरलॉकचा कायदा आहे, मला हे सगळं आपल्यावर येईपर्यंत शब्दसुद्धा माहीत नव्हता.

आमच्याकडे दोन गाड्या होत्या. दोन्ही त्याच्या नावावर, म्हणजे दोन्हींत मशीन हवं, आणि मशीन विकत नाही मिळत, भाड्याने असतं, महिन्याला साधारण सत्तर ते शंभर डॉलर एका गाडीचे. खरंच परवडत नसेल तर कोर्ट सवलत देऊ शकतं, आम्हाला ती मिळण्यासारखी नव्हती. मग जुनी गाडी विकली, जी मी चालवायचे. तेव्हा मी खूप चिडले होते, हे स्पष्ट लिहिते. गुन्हा याचा आणि गाडी माझी गेली.

मशीन म्हणजे एक हँडसेट असतो, जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरसारखा, तशीच गुंडाळलेली वायर, आणि ती वायर डॅशबोर्डच्या खाली जाऊन इग्निशनला जोडलेली. वर प्लॅस्टिकची नळी लावायची आणि पोटातून दमाने फुंकायचं, साधारण दीड लिटर हवा जायला लागते, म्हणजे तोंडातली नाही, फुप्फुसातली आली पाहिजे. काही मशीनमध्ये फुंकताना गुणगुणल्यासारखा आवाज काढावा लागतो, काहींत आधी फुंकायचं मग ओढायचं, फुग्यातली हवा किंवा पंप लावून कोणी फसवू नये म्हणून. आत फ्यूएल सेल असतो, प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड, श्वासात अल्कोहोल असेल तर त्याची तिथे रासायनिक क्रिया होते आणि वीज तयार होते, जितकं अल्कोहोल तितकी वीज. बऱ्याच राज्यांत मशीनची मर्यादा ०.०२ किंवा ०.०२५ ठेवलेली असते, न्यूयॉर्कमध्ये ०.०२५. म्हणजे पोलिसांच्या ०.०८ पेक्षा खूपच खाली. थोडी घेतली होती हे इथे चालत नाही. आमच्या मशीनला कॅमेराही आहे, फुंकणाऱ्याचा फोटो काढतो. सगळी नोंद आत साठते आणि ठरलेल्या दिवशी गाडी सेंटरला न्यायची, ते डेटा काढून घेतात, मशीन कॅलिब्रेट करतात आणि रिपोर्ट काउंटीच्या प्रोबेशनवाल्यांकडे, म्हणजे शिक्षा झालेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ऑफिसकडे जातो.

बसवायला दोन-अडीच तास लागले. ज्या मुलाने बसवलं तो विशीतला होता, त्याने आम्हा दोघांना समोर बसवून सगळं शिकवलं, आणि मला वेगळं सांगितलं की मॅडम, तुम्ही चालवणार असाल तर तुम्ही फुंका, पण ते चालवणार असतील तर त्यांच्यासाठी तुम्ही फुंकायचं नाही, तो तुमचा गुन्हा होईल. हे खरं आहे, न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्यासाठी फुंकणं हा वेगळा गुन्हा आहे. तेव्हा मला वाटलं हा असं का सांगतोय, मी कशाला फुंकेन. पुढे कळलं.

सुरुवातीचे दिवस त्रासाचे होते. इथल्या थंडीत मशीन गरम व्हायला वेळ घेतं, मुलगी मागे बसलेली, शाळेची वेळ झालेली, आणि स्क्रीनवर नुसतं थांबा. म्हणून आम्ही हँडसेट रात्री काढून घरात आणून ठेवायला लागलो. माउथवॉश बंद केला, कारण त्यात अल्कोहोल असतं आणि लगेच फुंकलं की मशीन पकडतं. हाताला सॅनिटायझर लावून लगेच हँडसेट धरायचा नाही. विंडशील्ड धुवायच्या निळ्या पाण्यात मिथेनॉल असतं, त्याची वाफ आत आली तरी गडबड होऊ शकते. ताजा पाव, यीस्टचं काहीही, खाऊन लगेच नाही. आणि आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं, आसव आणि अरिष्ट. माझ्याकडे नाशिकहून आलेली अशोकारिष्टाची बाटली होती, जेवणानंतर दोन चमचे घ्यायचे, कधी डोक्यातच आलं नाही. त्यात आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं बघा. दशमूलारिष्ट, द्राक्षासव, सगळं तसंच. होमिओपॅथीची टिंक्चरंही. असं काही घेतलं तर पाण्याने चूळ भरायची आणि पंधरा मिनिटं थांबून फुंकायचं, तोंडातलं अल्कोहोल तेवढ्यात उडतं. जे रक्तात असतं ते पंधरा मिनिटांत जात नाही, आणि मशीनचं सगळं शहाणपण ह्या फरकात आहे. त्यामुळे "मशीन चुकीचं दाखवतं" असं जेव्हा कोणी म्हणतं ना, तेव्हा मी विचारते की पंधरा मिनिटांनी परत फुंकल्यावर काय दाखवलं.

आणि एकदा फुंकून संपत नाही. गाडी चालू असताना मध्येच ते बीप करतं, निघाल्यावर पहिल्या पाच ते पंधरा मिनिटांत एकदा आणि मग अधूनमधून कधीही, त्याला रोलिंग रिटेस्ट म्हणतात. निघताना शुद्धीत असलेला माणूस वाटेत प्यायला तर, किंवा दुसऱ्याकडून फुंकून घेतलं असेल तर, म्हणून. काही मिनिटं मिळतात, गाडी सुरक्षित बाजूला घ्यायची आणि फुंकायचं. लोकांना वाटतं की फेल झालं की चालती गाडी बंद पडते, तसं होत नाही, हायवेवर तसं झालं तर माणसं मरतील. हॉर्न वाजायला लागतो आणि दिवे उघडझाप करतात, इंजिन बंद करेपर्यंत, आणि नोंद होते. पहिल्यांदा लाँग आयलंड एक्सप्रेसवेवर बीप झालं तेव्हा माझे हात थरथरले होते. आता एक्झिट कुठे येणार ते बघते, बाजूला घेते, फुंकते, निघते.

मुलगी आठ वर्षांची आहे. तिने विचारलं, आई ते तुझा फोटो का काढतं. आम्ही आधी ठरवलं होतं की गाडीचं नवीन सेफ्टी मशीन आहे असं सांगायचं. पण ती विचारत होती तेव्हा हा शेजारी बसला होता, त्याने मागे वळून तिला सांगितलं की बाबाने दारू पिऊन गाडी चालवली, ते खूप धोक्याचं असतं, म्हणून जजने सांगितलंय की आता गाडी आधी विचारणार आणि मग चालू होणार. ती म्हणाली मग आई का फुंकते. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तो बराच वेळ समोर बघत राहिला.

ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती आता सांगते.

मशीन येऊन काही महिने झाले होते. शुक्रवारी रात्री ह्याचे दोन मित्र आमच्याच घरी आले, गप्पा रंगल्या, एक-दीडपर्यंत बसले. घरीच होता, गाडीचा प्रश्न नव्हता, मी काही बोलले नाही, झोपायला गेले. शनिवारी सकाळी मुलीला पोहायच्या क्लासला त्याला न्यायचं होतं, त्याच्या हक्काच्या तीन तासांत. आठ वाजता आंघोळ करून, चहा पिऊन, पूर्ण शुद्धीत, चांगला झोप काढून उठलेला माणूस. फुंकला आणि मशीनने गाडी चालू केली नाही. ०.०४ च्या वर काहीतरी होतं. काही मिनिटं थांबून परत फुंकला, तेच. तो आत आला आणि म्हणाला मशीन बिघडलंय. आणि मग हळूच म्हणाला, तू फुंकतेस का, मी नेतो तिला, मी ठीक आहे, बघ ना माझ्याकडे.

मी बघितलं त्याच्याकडे. तो खरंच ठीक दिसत होता. जीभ अडखळत नव्हती, डोळे लाल नव्हते.

आपलं शरीर अल्कोहोल तासाला साधारण ०.०१५ एवढंच कमी करतं. कॉफी प्या, लिंबू पाणी प्या, आंघोळ करा, उलटी करा, काही फरक पडत नाही. रात्री एक वाजता रक्तात ०.१५ असेल तर सकाळी आठला ०.०४५ शिल्लक असतं, हिशोब सरळ आहे. भारताच्या कायद्यात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ०.०३. त्या सकाळी पुण्याच्या रस्त्यावर पोलिसांनी थांबवलं असतं तरी तो गुन्ह्यातच बसला असता, झोपून उठून, चहा पिऊन.

मी फुंकायला नाही म्हटलं. कपडे बदलले, मी स्वतः फुंकले, आणि मीच मुलीला घेऊन गेले. आणि त्या तरण तलावाच्या काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून माझ्या लक्षात आलं की मशीन यायच्या आधीची कितीतरी वर्षं, कितीतरी शनिवार, हा तिला असाच घेऊन गेला असेल. त्यालाही माहीत नाही, मलाही माहीत नाही. पिऊन गाडी चालवणं म्हणजे रात्री पार्टीतून परत येताना, एवढंच आमच्या डोक्यात होतं. सकाळ कोणाच्याच डोक्यात नव्हती.

पुढच्या वेळी सेंटरने डेटा काढल्यावर प्रोबेशनमधून फोन आला, रिपोर्टमध्ये त्याचा आणि नंतर माझा, दोन्ही फोटो होते. त्यांनी त्याला भेटायला बोलावलं, मोठा काही प्रसंग झाला नाही, पण त्यांनी काउन्सेलिंग सुरू करायला सांगितलं आणि तो जायला लागला. दर बुधवारी जातो. तिथे काय होतं ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही.

विचारत नाही, हे माझ्यासाठी किती मोठं आहे ते ज्या बायकांच्या घरात असं आहे त्यांनाच कळेल. लग्न झाल्यापासून मी विचारत आलेय. किती घेतलीस. कोण होतं. गाडी कोणी चालवली. दारातून आत आला की मी जवळ जायचे ते वास बघायला, आणि त्याला ते कळायचं, आणि तो ओठ मिटून बाजूने निघून जायचा. मी प्रश्न विचारला की भांडण, नाही विचारला की रात्रभर जागरण. "मी चालवते" म्हटलं की चार माणसांत त्याचा अपमान. माझ्या आईने हेच केलं आयुष्यभर, तिच्या वेळी स्कूटर होती एवढंच. आता ते विचारण्याचं काम माझ्याकडून गेलं. मशीन विचारतं, रागाने नाही, टोमणा मारून नाही, पाहुण्यांसमोर असो वा एकटा असो, तोच प्रश्न, आणि उत्तराशी हुज्जत घालता येत नाही. मला फुंकावं लागतं ह्याचा राग मला कधीच जाणार नाही, पण त्या बदल्यात मला घरात पोलीस व्हावं लागत नाही. मला हा सौदा मान्य आहे.

आमच्या ओळखीच्यांत ज्यांना कळलं त्यांची पहिली प्रतिक्रिया काय असते, "नशीब खराब रे, पोलीस नडला." एकाने तर ह्याला समजावलं की पार्कवेने जायचं नाही, आतल्या रस्त्याने जायचं. मी तिथेच होते. मी म्हटलं तुमची मुलं ज्या रस्त्यावर सायकल चालवतात तो आतला रस्ताच ना. शांतता झाली, बायको त्याची मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मला पर्वा नाही. कोर्टाने ह्याला व्हिक्टिम इम्पॅक्ट पॅनलला जायला सांगितलं होतं, तिथे अशा अपघातांची झळ बसलेल्यांचं ऐकायचं असतं, मी सोबत गेले होते, एका मोठ्या हॉलमध्ये आपल्यासारखीच साधी माणसं, सगळे शिक्षा झालेले, आणि समोर एक बाई येऊन आपल्या मुलाबद्दल बोलली. ती रडली नाही, तिने कोणाला शाप दिला नाही, तो सकाळी काय खाऊन घराबाहेर पडला ते सांगितलं. ते ऐकल्यावर "पोलीस नडला" हे मला ऐकवत नाही.

पुण्यात माझे दीर आहेत. त्यांच्याशी ह्यावर बोलले तर म्हणाले, वहिनी, आपल्याकडे असलं काही चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. कागदावर कमी नाही. पण दंड भरला की तोच माणूस त्याच रात्री तीच गाडी परत चालवू शकतो, त्याला अडवायला गाडीत काहीच नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्यांना माहिती आहे, चोवीस वर्षांची दोन मुलं गेली, आणि पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. अपघात झाल्यावर रक्त तपासणं ही फार उशिराची पायरी आहे. तपासणी किल्ली फिरवायच्या आधी व्हायला पाहिजे.

दिरांचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे, आपल्याकडे अर्धा रस्ता दुचाक्यांचा आहे आणि दुचाकीवर हे मशीन कॅमेऱ्यासकट सांभाळणं अवघड आहे. मान्य. पण बस, ट्रक, शाळेच्या गाड्या, आणि दुसऱ्यांदा पकडलेला चारचाकीवाला, इथून सुरुवात करायला काय हरकत आहे? फ्रान्समध्ये १ सप्टेंबर २०१५ पासून सगळ्या प्रवासी कोचमध्ये असं मशीन सक्तीचं आहे, फिनलंडमध्ये २०११ पासून शाळेच्या मुलांना नेणाऱ्या सरकारी खर्चाच्या गाड्यांत. तिथे ड्रायव्हरने गुन्हा केलेला असावा लागत नाही, रोज सकाळी सगळेच फुंकतात, त्यामुळे कोणाची मान खाली जात नाही. मला हे फार आवडलं. माझ्या मुलीच्या स्कूलबसमध्ये असं असतं तर मी दोन्ही हातांनी नमस्कार केला असता.

आता मशीनचं जे होत नाही तेही लिहिते. २०११ मध्ये अमेरिकेत ह्यावरच्या १५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात मशीन गाडीत असेपर्यंत परत पिऊन चालवताना पकडलं जाण्याचं प्रमाण, सगळ्या अभ्यासांतला मधला आकडा घेतला तर, ६७ टक्के कमी दिसलं. आणि मशीन काढल्यावर तो फायदा उरला नाही, माणसं परत पहिल्यासारखीच. मी हे वाचलं तेव्हा आमची मुदत अर्धी व्हायची होती आणि माझ्या पोटात गोळा आला. मशीन गाडी थांबवतं, दारू थांबवत नाही. दारूसाठी बुधवारचं काउन्सेलिंग आहे, आणि ते किती लागू पडतंय हे मला गाडीच्या रिपोर्टवरून कळणार नाही.

ह्या महिन्याअखेर मुदत संपतेय. त्याचं सगळं आवरण्याच्या मूडमध्ये चाललंय, गाडी धुवून आणली, वायर निघाल्यावर डॅशबोर्डला भोक राहतं का ते विचारून झालं. मी त्याला सांगितलंय की काढू नको, अजून एक वर्ष राहू दे, भाडं मी माझ्या पगारातून भरते. कंपनीला विचारलं, स्वतःहून ठेवायचं असेल तर ठेवता येतं. तो म्हणाला, शिक्षा संपल्यावरही गाडीत ते दिसलं तर लोक काय समजतील. मी म्हटलं समजू देत, मी रोज त्यांच्यासमोर फुंकतेच आहे की, माझी तर शिक्षाही नव्हती. त्यावर तो काही बोलला नाही. अजून हो म्हटलेलं नाही, नाहीपण म्हटलेलं नाही. सेंटरची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारी आहे, काढायचं की कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं ते तिथे सांगायचंय, आणि त्या दिवशी गाडी मी घेऊन जाणार आहे, त्याला शेजारी बसवून.